शेंड्यावरची दोन कुसळं

मला वर्गवारी केल्याशिवाय चैन पडत नाही. घरात आल्याबरोबर आधी चपला जोडीनं लावायच्या, मग डाळींच्या डब्यांकडे बघायचं. आणि तुरीच्या डब्यात कोणी चण्याची डाळ ओतलेली दिसली की दिवसभर चिडचिड. हा स्वभाव माहेरचा. आमचं घर विणकराचं. सुताच्या लडी रंगाप्रमाणे आणि जाडीप्रमाणे वेगळ्या ठेवल्या नाहीत तर काठाचा धागा पदरात जायचा, आणि मग वडिलांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू यायचा. त्या घरातून मी बी.एस्सी. झाले, बी.एड. झाले, भंडारा जिल्ह्यातल्याच एका हायस्कूलात विज्ञान शिकवायला लागले, आणि लग्न करून आले ती धान पिकवणाऱ्या घरात. नववीला वनस्पतींचं वर्गीकरण शिकवताना माझा जो आवाज लागतो तो दुसऱ्या कुठल्याच धड्याला लागत नाही, असं माझ्या वर्गातल्या पोरीच म्हणतात.

सासरी वर्गीकरण आधीपासून चालू होतं. ते आत्याबाईंचं होतं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला तसंच म्हणतात. त्यांच्या लेखी जगातल्या झाडांचे चार प्रकार: माणसाच्या पोटाचं, गुराच्या पोटाचं, दवाईचं आणि बिनकामाचं. चौथ्या प्रकारात माझ्या लग्नापासून आजपर्यंत एकच झाड गेलं आहे, ते म्हणजे गाजरगवत. "बिनकामाचं असं काही भेटतच नाही व," त्या म्हणायच्या, "पण जागा तर ठेवली पाह्यजे ना."

मी नवी होते, आणि नव्या सुनेला जे करू नये ते मी पहिल्याच आठवड्यात केलं. त्यांना शिकवायला बसले. चुलीशेजारी भाजीची टोपली होती. मी मक्याचं पान दाखवलं, त्यावरच्या शिरा सरळ, एकमेकींना न भेटणाऱ्या. मग वालाचं पान, त्यावर शिरांची जाळी. मक्याचं मूळ म्हणजे नुसता झुपका, वालाचं एकच खोल जाणारं सोटमूळ. मक्याचा दाणा एकसंध, वालाच्या दाण्याचे दोन भाग होतात. एकबीजपत्री, द्विबीजपत्री. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग मी हुरूप येऊन सांगितलं, की वांगं, बटाटा, टमाटर आणि मिरची ही चारही एका कुळातली आहेत. फुलं बघा, सारखी पाच पाकळ्यांची, मधे पाच पुंकेसर.

"वांगा आन आलू एका कुळाचे?" त्यांनी विचारलं.

"हो."

"सख्खे?"

"जवळपास."

त्यांनी चुलीवरच्या भांड्याचं झाकण उचललं. आत आलू-वांग्याचा रस्सा रटरटत होता. "राम राम राम," त्या म्हणाल्या, "आन आपण इतके साल त्यायचं लगन लावून राहिलो."

पुढे कितीतरी वर्षं आमच्याकडे आलू-वांग्याची भाजी झाली की त्या माझ्या ताटात वाढताना "घे, एका कुळाचे आहेत, सांभाळून खाजो" म्हणायच्या. पाहुण्यांसमोरही म्हणायच्या. मी चिडायचे आणि मग दोनदा वाढून घ्यायचे.

त्यांच्या चार प्रकारांवर एक पाचवी चाळणी होती, वर्षातून एकाच दिवशी लागणारी. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. त्या दिवशी सगळ्या झाडांचे दोनच भाग: नांगर पाहिलेलं आणि नांगर न पाहिलेलं. परसातली भाजी चालते, अळू चालतो, आणि भातासाठी देवधान. देवधान म्हणजे आपोआप उगवणारं रानटी धान. धुऱ्यांनी, म्हणजे मातीच्या बांधांनी, वेढलेल्या आमच्या धानाच्या एका बांधीच्या वरच्या अंगाला लहानशी बोडी आहे, पावसाचं पाणी साठवणारं तळं म्हणा. तिच्या काठानं ते दरवर्षी येतं. त्याला कोणी हात लावायचा नाही, असा आत्याबाईंचा कायदा. दाणा पिकला की आपसूक गळतो, म्हणून सकाळच्या दवात टोपली धरून झोडून आणायचा आणि पुढच्या पंचमीपर्यंत जपायचा.

एका पंचमीला मला राहवलं नाही. म्हटलं, "आत्याबाई, आपल्याकडे आता बैल कुठे आहेत? नांगरणी ट्रॅक्टरची, चिखलणी ट्रॅक्टरची. मग आपलं सगळंच धान आज चालायला पाहिजे."

त्यांचा भाजी निवडणारा हात थांबला. मला वाटलं, आज जिंकले. मग त्या म्हणाल्या, "ट्रॅक्टर काल आला, बाई. हे बांधी कोणं पाडली? धुरे कोणाच्या खांद्यावरच्या मातीचे होत? धानाची आजी-पणजी बैलाच्या हातची होय. आजी पाहाव लागते, नुसतं पोरीले पाहून चालत नाही."

आमच्या शास्त्रातही हल्ली हेच करतात. नुसतं रूप बघून कूळ ठरवत नाहीत, वंशावळ बघतात. हे मी त्यांना अर्थातच सांगितलं नाही. एवढ्या मोठ्या मनाची मी नव्हते.

शेतातली माझी पहिली फजिती त्याआधीची आहे. लग्नाच्या पहिल्याच साली निंदणाला गेले, दोन तास मान खाली घालून गवत उपटलं, आणि बायांनी येऊन पाहिलं तर मी धान उपटलं होतं आणि सावा ठेवला होता. साव्याचं गवत लहानपणी हुबेहूब धानासारखं दिसतं. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मी घरी येऊन रागानं माझं बी.एस्सी.चं पुस्तक काढलं आणि तिथं उत्तर सापडलं. गवताचं पान जिथं खोडाला सोडून बाहेर वळतं, त्या बगलेत धानाला पातळ पांढरी जीभ असते. साव्याला ती नसतेच, तिथं सगळं गुळगुळीत. दुसऱ्या दिवशी मी भिंग घेऊन शेतात गेले आणि बायांना दाखवलं: "हे बघा. धानाला जीभ असते, साव्याला नसते."

बाया खरंच बघायला लागल्या. जन्मभर त्यांनी धान रोवलं होतं, पण त्या बगलेत कोणी डोकावलं नव्हतं. त्यांना रंगावरून आणि बुडावरून कळायचंच. आत्याबाईंनी भिंगातून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे आमची मास्तरीन धान होय," त्या म्हणाल्या, "सावा नोहे." त्या दिवशी निंदण कमी आणि हसणं जास्त झालं.

तर अशी आमची वर्षं चालली होती. आता त्या बांधीची गोष्ट.

बोडीला लागून असलेली ती बांधी आत्याबाईंची होती. सातबाऱ्यावर नव्हे, पण घरात तिच्याबद्दल दुसऱ्या कोणी बोलायचं नाही. बाकीच्या बांध्यांत आमचे हे, म्हणजे माझे यजमान, लवकर येणारं बाजारचं बियाणं लावतात. या एका बांधीत चिन्नोर, वासाचं जुनं धान. चिन्नोर आता बाजारातही मिळतं, पण आत्याबाईंचं चिन्नोर त्यांच्या वडिलांच्या बांधीतलं होतं. त्यांचं माहेर वैनगंगेच्या काठी होतं, आणि ते गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. गाव उठायच्या कितीतरी आधी, लग्नात, त्यांच्या ओटीत ते बी आलं होतं. गाव उठलं तेव्हा त्यांच्या धाकट्या भावानं घरातली भांडी, दारं, चौकटीसुद्धा नव्या गावठाणात नेल्या. बियांचं मडकं त्या धामधुमीत फुटलं. म्हणजे ते धान आता जगात एकाच ठिकाणी होतं: आमच्या बोडीलगतच्या बांधीत.

मागच्याच्या मागच्या साली त्या राखी बांधायला भावाकडे गेल्या. मामाजींना, म्हणजे त्या भावाला, तिकडे मिळालेली जमीन उंचसखल होती. इतकी वर्षं त्यांनी तिथं तूर आणि लाखोरी घेतली. आता कुठे त्यांनी जमीन सपाट करून एक बांधी पाडली होती. ते म्हणाले, "बाई, बाबाच्या बांधीतलं धान आहे ना तुह्यापाशी? येत्या साली मले थेच लावाचं आहे." आत्याबाईंनी कबूल केलं. परत आल्या तेव्हा दहा वर्षांनी लहान झाल्यासारख्या चालत होत्या, आणि मला बोडीपर्यंत ओढत घेऊन गेल्या. "पाह्य," त्या म्हणाल्या, "हे माह्या भावाकडे चाल्लं."

आणि नेमकं त्याच साली, गणपती गेल्यावर, त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. दोन्ही डोळे महिन्याच्या अंतरानं. डॉक्टरांनी सांगितलं, वाकायचं नाही, शेतात जायचं नाही. चिन्नोर उशिराचं धान. ते नवरात्रात निसवतं, म्हणजे पोटातली लोंब बाहेर येते. तेव्हाच बांधीत फिरून भेसळ काढावी लागते. बोडीकाठचं देवधान गळून दरसाल थोडंफार बांधीत शिरायचंच, शिवाय इतर धान. ते आता काढलं नाही तर बी खराब. आणि खराब बी भावाला कसं द्यायचं?

"मी काढते," मी म्हटलं.

पहिला डोळा नुकताच झाला होता. आत्याबाई काळ्या चष्म्यातून माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. त्यांना मी तेव्हा धुकट दिसत होते. तरी अविश्वास स्पष्ट होता.

"काय काढायचं ते सांगा," मी वही उघडली.

"जे वेगळं दिसते थे काढ."

"वेगळं म्हणजे काय? लक्षण सांगा. पान, खोड, दाणा, काहीतरी."

"अवं, पाहिलं का समजते."

मला हे उत्तर सहन होत नाही. हे काय लक्षण झालं? मी मनातल्या मनात म्हटलं, ठीक आहे, तुम्ही सांगू नका, माझं पुस्तक सांगेल.

नवरात्रातल्या एका रविवारी मी भल्या सकाळी बांधीत उतरले. गळ्यात भिंग, कमरेला खोचलेला पदर, पोटरीपर्यंत चिखल. हवेत चिन्नोरचा वास होता, शिजत्या भातासारखा नव्हे, त्याहून कच्चा आणि हिरवा. मी आधी धुऱ्यावर बसून वहीत तक्ता केला. पानाच्या बगलेत जीभ नाही, तर सावा, उपटा. जीभ आहे आणि दाण्याला कुसळ आहे, म्हणजे टोकाला तो केसासारखा ताठ धागा आहे, तर देवधान, उपटा. जीभ आहे आणि कुसळ नाही, तर चिन्नोर, ठेवा. इतका नेटका तक्ता मी आयुष्यात केला नव्हता. बांधीत बहुतेक झाडांना कुसळ नव्हतं, पाचातल्या एखाद्याला होतं; म्हणजे तक्ता बरोबरच होता. दुपारपर्यंत मी ओळीनं सगळी बांधी पालथी घातली आणि धुऱ्यावर कुसळवाल्यांचा गुडघाभर ढीग लावला. कंबर मोडली होती, पण काय सांगू, मी गाणं गुणगुणत घरी आले. हातात नमुन्याला एक लोंब होती. कौतुक करून घ्यायचं होतं ना!

आत्याबाई ओसरीत खाटेवर बसल्या होत्या. मी लोंब त्यांच्या हातात दिली. "बघा, अशी सगळी काढली. एकही ठेवली नाही."

त्यांनी लोंबीवरून बोटं फिरवली. खालून वर. शेंड्याशी बोटं थांबली, पुन्हा खाली आली, पुन्हा वर गेली.

"हे कोणं उपटलं?"

"मी."

"किती?"

"ढीग आहे. सगळं काढलं."

"माय व माय," त्या म्हणाल्या. मग अगदी हळू, "हे माह्या बाबाचं धान होय, बाई."

त्यांनी माझं बोट धरून शेंड्यावर नेलं. खालचे सगळे दाणे बोडके. फक्त टोकाच्या दोन दाण्यांना कुसळ. "हेच त्याची खूण. देवधानाले सगळ्या दाण्याले कुसळ असते, लाल, लांब. आपल्याले शेंड्यावर दोनच."

"मग सांगितलं का नाही?" मी जवळजवळ ओरडले.

"आपल्या पोराच्या गालावर तीळ आहे हे कोणी सांगत बसते का?"

मला रडू आलं. चाळिशी ओलांडलेली मास्तरीन मी, चिखलाच्या पायांनी ओसरीत उभी राहून पोरीसारखी रडले. पन्नास वर्षं जपलेलं बी मी एका सकाळी तक्ता करून उपटून टाकलं होतं. आणि रडता रडताच माझ्या डोक्यात काहीतरी अडकलं.

"आत्याबाई," मी म्हटलं, "जे उभं आहे त्यातल्या एकालाही कुसळ नाही. शेंड्यावरही नाही. मी ओळीनं पाहिलं आहे."

मला कळलं तेच त्यांनाही कळत होतं. पाचातलं एकच झाड त्यांचं होतं. उरलेलं बाजारचं चिन्नोर होतं, खळ्यावर किंवा पऱ्ह्यांत, म्हणजे रोपांत, कधीतरी मिसळलेलं, आणि दरसाल वाढत गेलेलं.

"तीन साल झाले मले धुकट दिसून राहिलं होतं," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, वय झालं. म्हणजे तीन साल मी लोकायले कायचं बी देऊन राहिली?" हे बोलताना त्यांचा चेहरा असा उतरला की मला माझं रडणं विसरायला झालं. त्यांच्याकडून बी नेणाऱ्या बाया चार गावांतून यायच्या, आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. त्यांना असं हरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

पण आत्याबाई हरलेल्या जास्त वेळ राहत नाहीत. "उपटून किती वेळ झाला?" त्यांनी एकदम विचारलं.

"सकाळपासून काढते आहे."

"मुळाले माती आहे?"

"आहे. गोळेच निघाले."

"मंग रडत काहून बसली? पऱ्हे बी उपटूनच लावतो ना आपण!"

आमच्या ह्यांना मोटारसायकल काढायला लावली. ते म्हणाले, "आई, डॉक्टरनं वाकाले मना केलं आहे." आत्याबाई म्हणाल्या, "मी वाकत नाही. मी बसतो." आणि काळा चष्मा सावरत, पदर डोक्यावरून घेऊन मागे बसल्या. मी पायी धावत गेले.

धुऱ्यावर गोणपाट टाकून त्यांना बसवलं. मी ढिगातलं एकेक झाड त्यांच्या हातात द्यायचे आणि त्या डोळे मिटून लोंबीवरून बोटं फिरवायच्या. "हे देवधान, फेक. हे आपलं. हे आपलं. देवधान. आपलं." मी भिंगातून तपासत होते, कारण मला सवय आहे, पण पहिल्या शंभरात त्यांची एकही चूक सापडली नाही, तेव्हा भिंग पदरात बांधून टाकलं. शेजारच्या धुऱ्यावर तीन बाया गुरांसाठी गवत कापत होत्या. काय चाललंय ते बघायला आल्या, ऐकलं, आणि खाली बसून हसायला लागल्या. नवरात्रात रोवणी! एकीनं विचारलं, "मंग दिवाळीले निंदण आन होळीले कापणी का, मॅडम?" मीही हसले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. मग त्याच तिघी लुगडी खोचून बांधीत उतरल्या, एका कोपऱ्यातलं परकं धान कापून जागा मोकळी केली, आणि ह्यांनी बोडीतून पाणी सोडलं.

रोवायच्या आधी बायांनी विळे काढले. पऱ्हे लावताना पानांचे शेंडे छाटतात, तसे त्या या झाडांची सगळी पानं छाटायला निघाल्या. आत्याबाईंनीच तसं सांगितलं होतं. मी झडप घालून एकीचा हात धरला.

"खालची छाटा. लोंबीच्या लगेच खालचं, सगळ्यात वरचं पान कापू नका! दाण्यात दूध त्याच पानामुळे भरतं. ते गेलं तर सगळं पोचट निघेल."

बाया आत्याबाईंकडे बघायला लागल्या.

"सकाळी बी तू अशीच खात्रीनं बोलत होती," आत्याबाई म्हणाल्या.

त्यांनी लोंबीखालचं ते रुंद, उभं पान बोटांत धरलं, बुडापासून टोकापर्यंत चाचपलं. "नोका कापू व," त्या बायांना म्हणाल्या. "एक डाव तिचं खरं होऊ द्या."

दिवस कलेपर्यंत रोवणी संपली. बायांनी रोवणीची गाणीही म्हटली, चुकीच्या महिन्यात, आणि रस्त्यानं जाणारे लोक थांबून बघत होते. दोन दिवसांत गावात एकच विषय. दुकानात गेलं की दुकानदार, शाळेत गेलं की शिपाई, "मॅडम, रोवणी झाली का?" मला एरवी राग आला असता. पण माझा सगळा जीव त्या कोपऱ्यात होता. शाळेत जायच्या आधी मी रोज बांधीवर जायचे आणि येऊन आत्याबाईंना सांगायचे. पहिल्या दिवशी सगळं माना टाकून पडलं होतं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी मी खोटं सांगितलं, की बरं आहे. पाचव्या दिवशी वरची पानं खरोखर उभी होती, चिखलातनं पांढरी नवी मुळं फुटली होती, आणि मी धुऱ्यावर एकटीच टाळ्या वाजवल्या.

कापणीला त्यातलं अर्धं पोचट निघालं. अर्धं भरलं. आत्याबाईंचे दोन्ही डोळे तोवर झाले होते. त्यांनी सुपात दाणे घेतले, उन्हात धरले आणि एकेक लोंब, एकेक दाणा बघत राहिल्या. इतकं साफ त्यांना कित्येक वर्षांत दिसलं नव्हतं. एक लहान मडकं भरलं. त्यात एकही परका दाणा नव्हता. असू शकतच नव्हता, कारण मी एकेक झाड निवडून वेगळं काढलं होतं आणि त्यातलं देवधान आत्याबाईंच्या बोटांनी गाळलं होतं. झाडं वेगळी मी बरोबर केली होती, नावं तेवढी उलटी लावली होती. ज्या बायांना तीन साल मिसळलेलं बी गेलं होतं त्यांना आत्याबाईंनी स्वतः निरोप धाडले, की माझी चूक झाली, एक साल थांबा, मूठ मूठ खरं बी देईन. त्या निरोपांनी त्यांचा मान कमी झाला असं मला तरी कुठे दिसलं नाही.

अक्षयतृतीयेच्या आदल्या दिवशी मामाजी आले. पाणी प्यायले, इकडचं तिकडचं बोलले, पण नजर सारखी मडक्याकडे. आत्याबाईंनी मडकं उघडलं नाही. आधी आतून एक राखून ठेवलेली लोंब आणली आणि त्यांच्या हातावर ठेवली.

मामाजींनी ती उजेडाकडे धरली. त्यांचं बोट सरळ शेंड्यावर गेलं, त्या दोन कुसळांवर. मग त्यांनी गावाचं नाव घेतलं. बुडालेल्या गावाचं. आणि लगेच म्हणाले, "तळ्याखालची बांधी."

आमच्या शास्त्रात झाडाचं नाव दोन शब्दांचं असतं. पहिला शब्द त्याच्या गोतावळ्याचा, दुसरा त्याचा स्वतःचा. पंचवीस वर्षं मी ते पोरींकडून घोकून घेते आहे. नाव म्हणजे काय ते मला त्या दुपारी समजलं. ते गाव पाण्याखाली आहे, ती बांधी पाण्याखाली आहे, आणि तरी त्यांनी झाड हातात घेऊन पूर्ण नाव सांगितलं होतं, जराही न अडखळता.

आत्याबाई रडत होत्या आणि हसतही होत्या. त्यांनी मडक्याचं तोंड सोडलं आणि भावाच्या दुपट्ट्यात बी ओतायला लागल्या.

"घेऊन जा बाप्पा," त्या म्हणाल्या, "लाव बाबाचं धान. फक्त नवरात्रात माह्या सुनेले धुऱ्यावर येऊ देऊ नोको."